दोन डायलिसिस यंत्रं आणि ३० जून: एका सेवा क्लबचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या शहरातल्या, चाळीसेक सभासदांच्या सेवा क्लबचं आहे. क्लबचं, रुग्णालयाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. सभांची इतिवृत्तं, हिशेबाची कागदपत्रं आणि त्या वेळी निर्णय घेणाऱ्यांशी झालेलं बोलणं यांच्या आधारे हे लिहिलं आहे. लिहायला क्लबनेच सांगितलं, कारण नवी कार्यकारिणी आली की तेच प्रश्न पुन्हा नव्याने समोर येतात.

कार्यकारिणी दरवर्षी नवी असते, हे या प्रकरणात फार महत्त्वाचं आहे. अशा सेवा क्लबांच्या जागतिक संघटनांपैकी रोटरीची सुरुवात १९०५ मध्ये शिकागोत झाली, लायन्सची १९१७ मध्ये. दोन्ही संघटनांचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं आणि क्लबचा अध्यक्ष सहसा एकाच वर्षासाठी असतो. ही पद्धत मला मनापासून आवडते. जबाबदारी फिरत राहते, नवीन माणूस तयार होतो, पद कुणाच्या मालकीचं होत नाही. पण त्यामुळे मोठा प्रकल्प हाती घेणाऱ्या अध्यक्षाला पहिल्या दिवसापासून ३० जून दिसायला लागतो.

या शहरात डायलिसिसची सोय नव्हती. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून राहावं लागतं. इथल्या रुग्णांना त्यासाठी दीड तासाच्या अंतरावरचं मोठं शहर गाठावं लागे. जाणं, येणं आणि थांबणं धरलं की दिवस संपला. सोबत जाणाऱ्या नातेवाइकाचाही कामाचा दिवस बुडायचा. क्लबमधल्या एका सभासदाचे वडील याच फेऱ्यांत होते, म्हणून विषय कार्यकारिणीपुढे आला आणि पहिल्याच बैठकीत एकमताने ठरलं: शहरातल्या धर्मादाय रुग्णालयाला दोन डायलिसिस यंत्रं द्यायची.

रुग्णालयाच्या विश्वस्तांनी आनंदाने होकार कळवला. त्यांचं पत्र तीन ओळींचं होतं. क्लबच्या सेवाभावाबद्दल आभार, यंत्रांचा स्वीकार करायला आवडेल, कळावे. त्या पत्राने क्लबचं समाधान झालं. यंत्रं कोणत्या खोलीत बसणार, कोण चालवणार, पाणी कुठून येणार, रुग्ण किती, असा एकही प्रश्न त्यात नव्हता आणि क्लबनेही तो विचारला नाही.

निधी कसा उभा राहिला

निधी उभारण्याचं काम या क्लबने उत्तम केलं, हे आधी सांगायला हवं. गाण्यांचा एक मोठा कार्यक्रम, त्याची तिकिटं, जाहिरातींची स्मरणिका, शाळांमध्ये ठेवलेले मदतपेटीचे डबे आणि सभासदांनी घरोघरी जाऊन मागितलेल्या देणग्या, अशा चार वाटांनी पैसा आला. भित्तिपत्रकावर यंत्राचं छायाचित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘आपल्या शहरासाठी दोन डायलिसिस यंत्रं’. वाक्य सोपं होतं, लक्षात राहणारं होतं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

खजिनदार बाई कडक होत्या. सभासदांची वर्गणी आणि लोकांकडून आलेला निधी यांची खाती त्यांनी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली. हा त्यांचा स्वतःचा आग्रह असला तरी त्यामागे नियमही आहे. लायन्सच्या धोरणानुसार जनतेकडून गोळा केलेला पैसा, त्यावरच्या व्याजासकट, जनतेच्याच कामी लागला पाहिजे. क्लबचा कारभार सभासदांच्या वर्गणीतून चालवायचा. निधी उभारणाऱ्या कार्यक्रमाचा थेट खर्च तेवढा त्यातून वजा करता येतो. रोटरीतही क्लबचा कारभार आणि सेवा प्रकल्प यांचे पैसे वेगळे ठेवण्याची शिफारस आहे.

पहिला खरा पेच इथेच आला. कार्यक्रमाचा सगळा खर्च मुख्य प्रायोजक उचलणार, असं गृहीत धरलं होतं. आठवडाभर आधी त्याने रक्कम निम्म्यावर आणली. सभागृह, ध्वनिव्यवस्था, वादकांचं मानधन, छपाई हे सगळं ठरून गेलं होतं. कार्यक्रम झाल्यावर हिशेब मांडला तेव्हा तिकिटांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा खर्चातच जाणार असं दिसलं. खजिनदारांनी खर्चाच्या यादीवर रेघ ओढली. सभागृह, ध्वनी, छपाई, मानधन हा थेट खर्च. पाहुण्यांचं जेवण, सत्कारचिन्हं, व्यासपीठावरची फुलं हा नाही. तो वर्गणीच्या खात्यातून किंवा सभासदांच्या खिशातून.

काही सभासद नाराज झाले. त्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं: सत्काराशिवाय मोठे जाहिरातदार येत नाहीत, मग सत्कारचिन्हं हाही निधी उभारण्याचाच खर्च नव्हे का? खजिनदारांनी एवढंच विचारलं, ‘शाळेच्या डब्यात पैसे टाकणाऱ्या मुलाला हे समजावून सांगाल का?’ सभासदांनी वेगळी वर्गणी काढून तो खर्च भागवला. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय होता. पुढे लोकांसमोर जाऊन अवघड गोष्ट सांगायची वेळ आली, तेव्हा क्लबकडे स्वच्छ हिशेब होता आणि लोकांना तो माहीत होता.

अडचण

यंत्रांच्या किमतीएवढी रक्कम मार्चमध्ये जमली. पुरवठादार कंपनीचा अभियंता बसवण्याची जागा पाहायला आला. तासाभरात त्याने जे सांगितलं, त्याने कार्यकारिणीची झोप उडाली.

डायलिसिसचं यंत्र एकटं काही करत नाही. रक्त शुद्ध करणारा द्रव, जो मुख्यतः पाणीच असतो, सहसा मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने वाहतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. आठवड्याच्या तीन सत्रांत रुग्णाच्या रक्ताचा, एका पातळ पडद्यापलीकडून, साडेतीनशे लिटरहून अधिक पाण्याशी संपर्क येतो. आपण पितो ते पाणी आतड्यातून गाळलं जातं. इथे ती गाळणी नसते. पिण्यालायक पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन या पाण्यात राहून गेलं तर रक्तपेशी फुटतात. ॲल्युमिनियम साठत गेलं तर मेंदू आणि हाडांवर परिणाम होतो. म्हणून आधी कार्बनची गाळणी, पाणी मृदू करणारी यंत्रणा आणि मग आरओ संयंत्र लागतं, शिवाय पाण्याची नियमित तपासणी. रुग्णालयात यातलं काहीच नव्हतं. पाणी विंधनविहिरीचं आणि जड होतं.

पाण्यापाठोपाठ बाकीचं आलं. त्या खोलीपर्यंत जनरेटरची वीज पोचत नव्हती. सांडपाण्याची वाट नव्हती. प्रशिक्षित तंत्रज्ञ नव्हता आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञ शहरात येतच नव्हता. प्रत्येक सत्राला लागणाऱ्या नळ्या, सुया, द्रावणं, रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध, यांचा खर्च कोण करणार हे कुणी ठरवलेलं नव्हतं. खजिनदारांनी आकडे मांडले तेव्हा दिसलं की पाणी, वीज, खोली आणि पहिल्या वर्षाचा चालू खर्च मिळून यंत्रांच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

दरम्यान जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रांतपालांच्या, म्हणजे या भागातल्या क्लबांच्या प्रमुखांच्या, हस्ते लोकार्पणाची तारीख घेऊन झाली होती. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा तयार होता.

समोर असलेले पर्याय

एप्रिलमध्ये तीन बैठका झाल्या. इतिवृत्तातून दिसतं की पाच वाटांवर चर्चा झाली, पण सगळ्यांना सारखा वेळ मिळाला नाही.

पहिली वाट म्हणजे ठरल्याप्रमाणे दोन्ही यंत्रं घ्यायची, जूनमध्ये लोकार्पण करायचं आणि बाकीचं रुग्णालयावर सोपवायचं. अध्यक्ष याच्या बाजूने होते आणि त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. यंत्रं समोर उभी राहिली की विश्वस्त हलतील, पाण्यासाठी दुसरा कुणी देणगीदार पुढे येईल. नुसत्या कागदावरच्या योजनेला कुणी पैसे देत नाही, असं ते म्हणत. शिवाय लोकांना दिलेला शब्द अक्षरशः पाळला जाणार होता. याला उत्तर एका निवृत्त अभियंता सभासदाने दिलं. वापराविना पडून राहिलेल्या यंत्राची हमीची मुदत संपते, आतल्या नळ्या आणि झडपा खराब होतात. वर्षभराने पाणी आलं तरी यंत्र चालेलच असं नाही.

दुसरी वाट, एकच यंत्र घेऊन उरलेल्या पैशांत पाण्याची यंत्रणा उभारायची. व्यवहारी वाटणारा हा पर्याय एका प्रश्नावर अडला. क्लबने मोठ्या शहरातल्या एका मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉक्टर बाईंचा सल्ला घेतला होता. बाईंनी विचारलं, ‘यंत्र बंद पडेल त्या दिवशी तुमच्या रुग्णाला कुठे पाठवणार?’ एकाच यंत्रावर चालणारं केंद्र म्हणजे पहिल्या बिघाडाला चार माणसांचा जीव टांगणीला.

तिसरी वाट, मोठ्या शहरातल्या चालू केंद्राला पैसे देऊन इथल्या रुग्णांची सत्रं मोफत करायची आणि प्रवासाची सोय लावायची. यावर इतिवृत्तात फक्त दोन ओळी आहेत. ‘आपल्या शहरात काही उभं राहणार नाही’ असं कुणी म्हणालं आणि विषय संपला.

चौथी, पैसे परत करायचे. पावती दिलेल्यांना परत करता आले असते. डब्यांतल्या नाण्यांचे मालक शोधणं अशक्य होतं.

पाचवी वाट नियोजित, म्हणजे पुढच्या वर्षीच्या, अध्यक्षा असलेल्या बाईंनी मांडली. निधी तसाच ठेवायचा, लोकार्पण रद्द करायचं, आधी पाणी, माणसं आणि लेखी करार, मग यंत्रं, आणि हे सगळं पुढच्या वर्षात जाणार हे मान्य करायचं. तोवर रुग्णांना नेण्या-आणण्याची सोय स्वयंसेवकांनी करायची. ‘मग हे कुणाच्या वर्षातलं काम म्हणायचं?’ असा प्रश्न आला. त्यांनी पोलिओचं उदाहरण दिलं. रोटरीने पोलिओ निर्मूलनाची मोहीम १९८५ मध्ये हाती घेतली. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतरांसोबत त्याचा जागतिक उपक्रम झाला आणि काम अजून चालू आहे. तेव्हापासून कितीतरी अध्यक्ष होऊन गेले. ती मोहीम त्यांतल्या कुणा एकाच्या नावावर नाही, म्हणूनच ती टिकली, असं त्यांचं म्हणणं.

निर्णयाचा क्षण

खरा तिढा पैशांचा नव्हताच, शब्दाचा होता. खजिनदारांनी भित्तिपत्रक सभेत टेबलावर ठेवलं. लोकांनी ‘दोन यंत्रां’साठी पैसे दिले आहेत. त्यातला एक पैसाही आरओ संयंत्रावर घालायचा असेल तर आधी देणाऱ्यांना विचारावं लागेल. कामाचा हेतू तोच असला तरी ठरलेल्या कारणासाठी घेतलेला निधी कार्यकारिणी परस्पर वळवू शकत नाही, ही त्यांची भूमिका ठाम होती.

एका ज्येष्ठ सभासदाने धोक्याची सूचना दिली: असं विचारायला गेलो तर लोक म्हणतील, यांना काहीच कळत नव्हतं, आणि पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही. ही भीती खोटी नव्हती. छोट्या शहरात क्लबकडे विश्वास एवढंच भांडवल असतं. पण यंत्रं कापडाखाली झाकून पडलेली लोकांनी पाहिली असती, तर तो विश्वास जास्त वेगाने गेला असता. रुग्णालयात सगळ्यांचंच जाणं-येणं असतं; असली गोष्ट लपत नाही.

मतदान झालं. पाचवी वाट थोड्या फरकाने मंजूर झाली. अध्यक्षांनी विरोधात मत दिलं आणि सभा संपायच्या आत प्रांतपालांना फोन करून लोकार्पणाची तारीख स्वतःच रद्द केली. त्यांच्याबद्दल मला यामुळे फार आदर वाटतो. एक वर्ष राबलेल्या माणसाने, शेवटचा समारंभ हातचा जात असताना, बहुमताचा निर्णय स्वतः अमलात आणला.

काय केलं

पावती असलेल्या प्रत्येक देणगीदाराला पत्र गेलं. मोठ्या देणगीदारांना सभासद जोडीने जाऊन भेटले. पत्रात सारवासारव नव्हती. यंत्रांना शुद्ध पाणी लागतं, ते रुग्णालयात नाही, हे आम्ही आधी तपासायला हवं होतं. निधीचा काही भाग पाण्याच्या यंत्रणेसाठी वापरायची परवानगी द्यावी, नको असल्यास रक्कम परत करू, एवढंच. उत्तरासाठी महिन्याची मुदत दिली होती. बहुतेकांनी संमती दिली. काहींनी पैसे परत मागितले, ते विनातक्रार परत केले. एका प्रायोजकाला यंत्रावर नावाची पाटी हवी होती. पाण्याच्या टाकीवरची पाटी नको होती. तो बाहेर पडला.

डब्यांतल्या पैशांसाठी सभासदांनी शाळांमध्ये जाऊन सगळं समजावून सांगितलं आणि रुग्णालयाच्या दारात सूचना लावली. हरकत आली नाही. ती रक्कम पाण्याच्या यंत्रणेकडे गेली, कारण मूळ हेतूच्या सर्वांत जवळची गरज तीच होती.

रुग्णालयाशी मात्र या वेळी तीन ओळींवर भागवलं नाही. करारात कोण काय करणार हे नावनिशीवार होतं. जागा, वीज, सांडपाणी आणि दोन परिचारिका रुग्णालयाच्या. पाण्याची यंत्रणा, यंत्रं आणि तीन वर्षांचा देखभाल करार क्लबचा. मोठ्या शहरातल्या केंद्राने वैद्यकीय देखरेख, तंत्रज्ञ आणि परिचारिकांचं प्रशिक्षण स्वीकारलं. बिघाड झाल्यास रुग्णाला त्या केंद्रात त्याच दिवशी जागा मिळेल, हे कलम डॉक्टर बाईंच्या आग्रहाने आलं. दान घेणारा आणि देणारा यांनी आधी गरज नीट बोलून घ्यावी, हे तत्त्व नवं नाही. वैद्यकीय उपकरणांच्या दानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात आणि रोटरी फाउंडेशनच्या जागतिक अनुदानासाठी स्थानिक गरजेची पाहणी आधी सादर करावी लागते.

कराराच्या आधी रुग्णांची यादी झाली. ही यादी करायला दोन सभासदांना जेमतेम तीन आठवडे लागले. अकरा रुग्ण निघाले. दोघांची हृदयाची अवस्था अशी होती की त्यांना मोठ्या केंद्रातच ठेवायचं डॉक्टर बाईंनी ठरवलं. एकाला हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारा यकृताचा आजार) होता. अशा रुग्णासाठी यंत्र वेगळंच ठेवावं लागतं, कारण हा विषाणू पृष्ठभागांवर दिवसचे दिवस टिकतो. म्हणजे दोनांतलं एक यंत्र त्याच्यासाठी राखायचं, किंवा त्याने प्रवास करत राहायचा. उरले आठ. दोन यंत्रं, दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस धरले तर चोवीस सत्रं होतात, म्हणजे बरोबर आठ रुग्ण, आणि बिघाडासाठी एकही मोकळी वेळ नाही. हे साधं गणित सप्टेंबरमध्ये झालं असतं तर भित्तिपत्रकावर काही वेगळंच छापलं गेलं असतं.

स्वयंसेवकांची गाडी

या प्रकल्पातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला हा वाटतो, आणि सुरुवातीच्या आराखड्यात तो नव्हताच.

पहिल्या सभेत गाडी चालवायला बावीस हात वर झाले. दोन महिन्यांनी प्रत्यक्ष येणारे सहा उरले. पहाटे साडेपाचला निघायचं, चार तास थांबायचं, दुपारी परत आणायचं; नोकरी-धंदा असलेल्या सभासदाला हे नियमित जमणारं नव्हतं आणि लाजेपोटी कुणी तसं सांगत नव्हतं. ऐनवेळी ‘आज जमत नाही’ असा संदेश आला की सचिवांची धावपळ व्हायची. दोनदा रुग्णाचं सत्र उशिरा सुरू झालं. डायलिसिसच्या रुग्णाला सत्र चुकणं म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. अंगात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं आणि ते जिवावर बेतू शकतं.

तेव्हा नियोजित अध्यक्षा पद्धत बदलून मोकळ्या झाल्या. ‘जमेल तेव्हा या’ बंद. प्रत्येकाने महिन्यातला एकच दिवस घ्यायचा, पण तो पक्का. प्रत्येक फेरीला एक चालक आणि एक राखीव. नेणारा आणि आणणारा वेगळा, म्हणजे कुणालाच पूर्ण दिवस द्यावा लागत नाही. आणि सर्वांत उपयोगी बदल असा की आवाहन क्लबबाहेर गेलं. निवृत्त शिक्षक, एक टॅक्सीचालक, महाविद्यालयातली काही मुलं, एका रुग्णाचा भाऊ अशी माणसं आली. यांतल्या बहुतेकांना क्लबचं सभासदत्व परवडणारं नव्हतं किंवा नकोच होतं. पण पहाटे दारात गाडी उभी करायला ते चुकले नाहीत.

केंद्रातल्या परिचारिकेने स्वयंसेवकांना दोन तास शिकवलं. सत्रानंतर रक्तदाब उतरू शकतो, म्हणून रुग्णाला घाईने उभं करायचं नाही. ज्या हाताला सुया लागतात त्या हाताला धरून आधार द्यायचा नाही, त्यावर पिशवी अडकवायची नाही. पट्टीतून रक्त आलं तर त्या जागी बोटाने दाबून धरायचं, गाडी थांबवायची आणि केंद्राला फोन करायचा. औषध, आहार, पाणी किती प्यायचं, यावर सल्ला द्यायचा नाही. रुग्णाचं छायाचित्र काढायचं नाही आणि कुणाला काय झालंय हे गावात बोलायचं नाही. शेवटचा नियम काही सभासदांना जड गेला, कारण क्लबच्या वार्तापत्राला छायाचित्रं लागतात. मग गाडीचं आणि वेळापत्रकाच्या फळ्याचं छायाचित्र छापलं.

एका स्वयंसेवकाने मला सांगितलं की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत रुग्ण अवघडून बसायचे, सारखे आभार मानायचे. नंतर ते गाणं लावायला सांगू लागले, वाटेत डुलक्या घेऊ लागले. ‘तेव्हा वाटलं, आता जमलं,’ तो म्हणाला.

काय निष्पन्न झालं

यंत्रं क्लबच्या पुढच्या वर्षातल्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, म्हणजे ठरल्यापेक्षा सहा महिने उशिरा. आधी एकच पाळी, चार रुग्ण. दुसरा तंत्रज्ञ मिळाल्यावर दुसरी पाळी सुरू झाली आणि रुग्ण सहा झाले. आठ घेता आले असते. दोन जागा बिघाडासाठी आणि अचानक लागणाऱ्या जादा सत्रांसाठी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. पहिल्याच वर्षात पाण्याचा पंप बंद पडला, रुग्ण कराराप्रमाणे त्याच दिवशी मोठ्या केंद्रात गेले आणि पोचवायला स्वयंसेवकांचीच गाडी होती.

उरलेल्या पाच जणांसाठी ती गाडी अजून चालू आहे. हिपॅटायटिस बी असलेला रुग्ण आजही आठवड्यातून तीनदा प्रवास करतो. शहरात केंद्र आलं आणि आपल्यालाच तिथे जागा नाही, हे त्याने कसं पचवलं असेल याचा विचार क्लबमध्ये फारसा झालेला दिसत नाही. त्याला आणि त्याच्या घरच्यांना कुणीतरी आधी, समोर बसून सांगायला हवं होतं. त्यांना ते रुग्णालयातल्या फलकावरून कळलं.

मूळ अध्यक्षांचं वर्ष लोकार्पणाशिवाय संपलं. नंतर क्लबने डायलिसिस समितीची मुदत तीन वर्षांची केली आणि तिचं प्रमुखपद त्यांच्याकडेच दिलं. देखभालीच्या कंपनीशी भांडण्यापासून पाण्याच्या तपासणीचे अहवाल वाचण्यापर्यंत सगळं ते करतात.

चालू खर्चाचा प्रश्न सुटलेला नाही. गाण्यांचा कार्यक्रम आता दरवर्षी होतो आणि त्यातला ठरावीक हिस्सा सत्रांच्या साहित्यासाठी जातो. पण नव्या यंत्राइतका उत्साह नळ्या आणि सुयांच्या नावाने होत नाही. तिकिटं विकताना सभासदांना हे जाणवतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता, हे तर उघडच आहे. आधी रुग्णांची यादी, मग डॉक्टरांशी बोलणं, मग जागेची पाहणी, मग करार, आणि त्यानंतर भित्तिपत्रक. या सगळ्याला फार तर तीन महिने लागले असते. म्हणजे जुलैत सुरुवात करून नोव्हेंबरमध्ये निधी मागायला बाहेर पडता आलं असतं. एका वर्षाच्या चौकटीतसुद्धा हे बसत होतं. घाई वर्षाने लादली असं सगळे म्हणतात. कागदपत्रं पाहता पहिले चार महिने फक्त कार्यक्रमाच्या तयारीत गेलेले दिसतात.

आवाहनाचे शब्दही वेगळे हवे होते. ‘दोन यंत्रं’ म्हणण्याऐवजी ‘आपल्या शहरातल्या रुग्णांच्या डायलिसिससाठी’ असं म्हटलं असतं तर पाण्यासाठी पुन्हा दारोदार जावं लागलं नसतं. वस्तू दाखवून पैसे लवकर मिळतात, हे कुठल्याही क्लबमधला अनुभवी माणूस सांगेल. पण मागणी हेतूची असली तरी लोक मागे उभे राहतात. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंध लोकांसाठी लढण्याचं आवाहन केलं. त्यांनी एखादी वस्तू मागितली नव्हती. शंभर वर्षं झाली, दृष्टीसंबंधीचं काम आजही त्या संघटनेची ओळख आहे.

तिसऱ्या पर्यायाबद्दल माझं मत क्लबमधल्या बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. चालू केंद्रातली सत्रं विकत घेणं आणि गाडीची सोय करणं, एवढंच केलं असतं तर अकराही रुग्णांना मे महिन्यापासून मदत मिळाली असती, हिपॅटायटिसच्या रुग्णासकट. प्रवास उरला असता, हे खरं, आणि काही वर्षांनी पैसा संपला असता, हेही खरं. स्थानिक केंद्र उभं राहिलं ते चांगलंच झालं. सहा घरांचं जगणं त्याने बदललं. पण तो पर्याय मांडणाऱ्याला दोन ओळींपेक्षा जास्त वेळ मिळायला हवा होता. शहरात पाटी लागणार नाही, हे कारण पुरेसं नव्हतं. दोन्ही वाटा काही काळ एकत्र चालवता आल्या असत्या का, हा हिशेब कुणी मांडलाच नाही.

स्वयंसेवकांच्या बाबतीत पहिल्या सभेत हात वर करायला सांगण्यापेक्षा वेळापत्रक फिरवायला हवं होतं. सभेत हात वर करणं सोपं असतं, कारण शेजारच्याने केलेला असतो. महिन्यातली कोणती तारीख आणि कितीची वेळ, हे लिहून द्यायला लागलं की बावीसांचे सहा होतात, पण ते पहिल्याच दिवशी कळतं.

सध्या क्लबपुढे तिसऱ्या यंत्राचा विषय आहे, फक्त हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी. एका रुग्णासाठी एक यंत्र आणि वेगळी खोली, याला खर्चिक म्हणणारे सभासद आहेत. आजूबाजूच्या गावांत असे आणखी रुग्ण असतील असं म्हणणारेही आहेत. या वेळी आधी यादी होते आहे. त्यासाठी दोन सभासद आणि स्वयंसेवकांतला तो टॅक्सीचालक गावोगाव फिरत आहेत, आणि यादी पूर्ण होईपर्यंत आवाहन छापायचं नाही असा ठराव झाला आहे.